अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग : हाडांतील प्रसार

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी असलेल्या अष्ठीला ग्रंथीत कर्करोग झाला असता त्याच्या काही कोशिका (पेशी) मूळ स्थान सोडून रक्तावाटे हाडांत पोहोचतात, तेथे रुजतात आणि त्या हाडाची रचना व कार्य बदलून टाकतात. मूळ स्थानापासून दूर झालेल्या कर्करोगाच्या अशा दुय्यम वाढीला ‘प्रक्षेप’ म्हणतात. ती हाडात झाल्यास तिला ‘अस्थिप्रक्षेप’ अशी संज्ञा आहे. फुप्फुस, वृक्क (मूत्रपिंड), अवटू ग्रंथी इ. अवयवांच्या कर्करोगांचे प्रक्षेप बहुधा हाड पोखरतात. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रक्षेप मात्र प्रामुख्याने नवे हाड निर्माण करवितात. हे नवे हाड क्ष-किरण चित्रात दाट व पांढरे दिसत असले, तरी त्याची बांधणी विस्कळित असल्यामुळे ते दुर्बल असते. कर्करोग व हाड यांच्यातील परस्परक्रिया समजून घेण्यास हा विरोधाभास फार उपयुक्त ठरला आहे.

जगात २०२२ मध्ये अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे सु. १४.७ लाख नवे रुग्ण आढळले व सु. ४ लाख रुग्ण या रोगाने मरण पावले, असा अंदाज आहे. या रोगाच्या १,५८९ रुग्णांच्या शवपरीक्षांचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ३५% रुग्णांत रोग रक्तावाटे पसरलेला होता आणि अशा रुग्णांपैकी ९०% रुग्णांच्या हाडांत, ४६% रुग्णांच्या फुप्फुसांत व २५% रुग्णांच्या यकृतात प्रक्षेप आढळले. ग्रंथीपुरता मर्यादित असताना हा रोग पुष्कळदा पूर्ण बरा होऊ शकतो. हाडांत पोहोचल्यावर तो अनेक वर्षे आटोक्यात ठेवता येतो. परंतु समूळ नाहीसा करणे सामान्यतः शक्य होत नाही. म्हणून या रोगातील वेदना, अपंगत्व आणि मृत्यू यांचा विचार मुख्यतः अस्थिप्रक्षेपांचाच विचार ठरतो.

इतिहास : या विकाराचे सर्वांत जुने पुरावे मानवी सांगाड्यांत मिळाले आहेत. दक्षिण सायबीरियातील तूव्हा प्रदेशात आर्झान येथील दफनटेकडीत सु. २,७०० वर्षांपूर्वीच्या एका सिथियन राजाचा सांगाडा सापडला. मृत्युसमयी त्याचे वय ४० ते ५० वर्षांच्या दरम्यान होते आणि त्याच्या हाडांत जागोजागी प्रक्षेप होते. हाडांतून वेगळ्या केलेल्या प्रथिनांत अष्ठीला ग्रंथीचे वैशिष्ट्यपूर्ण प्रथिन आढळल्यामुळे मूळ रोग या ग्रंथीचाच होता, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. ज्या हाडांना या रोगाने ग्रासले, त्यांनीच त्याची नोंद जपून ठेवली, असे येथे दिसते.

लंडनमधील शस्त्रक्रियाविशारद जे. अ‍ॅडम्झ यांनी १८५३ मध्ये अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षेवर आधारलेले वर्णन केले आणि हा विकार अत्यंत दुर्मिळ असल्याचे नमूद केले. मनुष्याचे आयुर्मान वाढले व निदानाची साधने सुधारली, तसा हा समज मागे पडला. जर्मन विकृतिवैज्ञानिक फ्रीड्रिख फोन रेक्लिंगहाउझेन (१८३३–१९१०) यांनी १८९१ मध्ये या कर्करोगाच्या प्रक्षेपांभोवती नवे हाड तयार होते, याचे सविस्तर वर्णन केले. अमेरिकेत अलेक्झांडर गटमन, एथेल गटमन व त्यांचे सहकारी यांनी १९३६ मध्ये अशा प्रक्षेपांच्या जागी अम्लीय फॉस्फेटेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांना मदत करणारे प्रथिन) विपुल असल्याचे व १९३८ मध्ये रुग्णांच्या रक्तरसातही (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातही) ते वाढलेले असल्याचे दाखविले. हे एंझाइम मूळ ग्रंथीतील कोशिकांचे असल्यामुळे दूरच्या हाडातही त्या कोशिका आपला स्वभाव टिकवून असतात, हे सिद्ध झाले. याच एंझाइमाचा मापनासाठी उपयोग करून शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्झ (१९०१–९७) आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये असे दाखवून दिले की, वृषणे काढून टाकली किंवा स्त्रीमदजन (स्त्री-हॉर्मोन) दिले असता रक्तरसातील अम्लीय फॉस्फेटेज उतरते, तर पौरुषजन (पुरुष-हॉर्मोन) टोचले असता ते चढते. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या अनेक रुग्णांना या उपचाराने थोड्याच दिवसांत आराम पडला. या संशोधनाबद्दल हगिन्झ यांना १९६६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हाडाची अखंड पुनर्रचना : हाड हे निर्जीव आधारद्रव्य नसून ते सतत मोडणारे व सतत नव्याने घडणारे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) आहे. प्रौढ व्यक्तीच्या सांगाड्याचा सु. एक-दशांश भाग दरवर्षी नवा होतो. हे कार्य दोन प्रकारच्या कोशिका करतात. अस्थिभंजक कोशिका अम्ल व एंझाइमे स्रवून जुने हाड विरघळवितात. अस्थिजनक कोशिका त्या पोकळीत कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विणतात व त्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक बसतात. दोन्ही कामांचा मेळ राखण्यासाठी या कोशिकांमध्ये रासायनिक संदेशांची देवाणघेवाण चालू असते. अस्थिजनक कोशिकांच्या कुळातील कोशिका ‘रँक-एल’ हे प्रथिन निर्माण करतात व त्याच्या प्रभावाने अस्थिभंजक कोशिका परिपक्व होतात. त्याच कुळातील कोशिकांपासून निघणारे ऑस्टिओप्रोटेजेरीन हे प्रथिन रँक-एलला अडवून धरते. या दोहोंच्या प्रमाणावर हाडाची झीज अवलंबून असते.

हाड घडत असताना त्यात अनेक वृद्धिघटक (कोशिकांच्या वाढीस चालना देणारी प्रथिने) गाडले जातात. त्यांत रूपांतरकारी वृद्धिघटक-बीटा व इन्शुलिनसदृश वृद्धिघटक यांचा अंतर्भाव होतो. हाड विरघळले की, हे घटक मुक्त होऊन नव्या हाडाच्या निर्मितीस चालना देतात. याशिवाय मणके, श्रोणी (कटीचे हाड), फासळ्या, उरोस्थी इ. हाडांत लाल अस्थिमज्जा असते व तेथे रक्तकोशिका तयार होतात. त्यासाठी आवश्यक असलेले स्तंभ कोशिकांचे (अनेक प्रकारच्या कोशिकांना जन्म देणाऱ्या मूळ कोशिकांचे) सुरक्षित कोनाडे हाडाच्या आतील पृष्ठालगत व सूक्ष्म रक्तवाहिन्यांलगत असतात. वृद्धिघटकांचे कोठार व स्तंभ कोशिकांचे कोनाडे या दोन्ही गोष्टी निरोगी शरीराच्या गरजेच्या आहेत. कर्करोग त्यांचाच उपयोग करून घेतो. [⟶ अस्थी].

प्रसाराचा मार्ग : अष्ठीला ग्रंथीतील मूळ अर्बुदाच्या (गाठीच्या) कोशिका प्रथम एकमेकींना धरून असतात. त्यांतील काहींचे परस्परबंधन सैल होते, त्या सभोवतालचे तंतुमय ऊतक एंझाइमांच्या साहाय्याने भेदतात आणि लसीकावाहिन्यांत किंवा नीलांमध्ये (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये) शिरतात. रक्तात आलेल्या कोशिकांपैकी बहुतेक प्रवाहाच्या ताणाने व प्रतिरक्षा यंत्रणेच्या माऱ्याने नष्ट होतात. फार थोड्या दूरच्या अवयवात पोहोचतात व त्यांतीलही थोड्याच रुजतात.

त्या हाडातच का रुजतात, या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे देण्यात आली. ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद स्टीव्हन पॅजेट (१८५५–१९२६) यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्रक्षेप सर्व अवयवांत सारखे विखुरलेले नसून काही अवयवांत विशेष आढळतात, असे त्यांना दिसले. बी सर्व दिशांना पडले, तरी योग्य जमिनीतच ते उगवते, तसे कर्करोगाचेही आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तो ‘बीज व भूमी’ सिद्धांत म्हणून ओळखला जातो. उलट अमेरिकन विकृतिवैज्ञानिक जेम्स यूइंग (१८६६–१९४३) यांनी १९२८ मध्ये असे प्रतिपादन केले की, रक्तप्रवाह कोशिकांना जेथे नेऊन सोडतो, तेथे प्रक्षेप होतो. जमिनीची निवड वगैरे कल्पना मानण्याचे कारण नाही.

अष्ठीला ग्रंथीच्या बाबतीत यूइंग यांच्या मताला शारीररचनेचा भक्कम आधार मिळाला. ऑस्कर बॅटसन (१८९४–१९७९) या अमेरिकन शारीरविज्ञांनी १९४० मध्ये शवाच्या शिश्नावरील नीलेत क्ष-किरण चित्रात दिसणारा पदार्थ टोचला, तेव्हा तो हृदयाकडे न जाता मेरुदंडाभोवतीच्या नीलाजालात पसरला. या जालात झडपा नसतात. त्यामुळे खोकताना, शिंकताना किंवा कुंथताना उदरातील दाब वाढला की, श्रोणीतील रक्त उलट्या दिशेने मणक्यांच्या नीलांत ढकलले जाते. कटीचे मणके, त्रिकास्थी व श्रोणी यांत प्रक्षेप प्रथम व अधिक प्रमाणात का होतात, याचा उलगडा त्यामुळे झाला. तथापि उरोस्थी, कवटी, बाहूच्या हाडाचे वरचे टोक अशा दूरच्या हाडांतील प्रक्षेपांचे स्पष्टीकरण केवळ या मार्गाने होत नाही. उलट नीलाजालातून कोशिका ज्या ज्या ऊतकांत पोहोचतात, त्या सर्व ठिकाणी त्या वाढत नाहीत. म्हणून मार्ग व भूमी या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात, असे आता मानले जाते. पोहोचणे मार्गावर व टिकणे भूमीवर अवलंबून असते.

रुजणे व सुप्तावस्था : लाल अस्थिमज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंद असून त्यांतील प्रवाह मंद असतो व त्यांच्या भित्तींत फटी असतात. त्यामुळे तेथे थांबणे व भित्तीपलीकडे जाणे कोशिकांना सोपे जाते. अस्थिजनक व मज्जेतील इतर आधार कोशिका सीएक्ससीएल-१२ नावाचे प्रथिन स्रवतात. रक्ताच्या स्तंभ कोशिकांच्या पृष्ठावर त्याचा ग्राही (विशिष्ट रेणूला प्रतिसाद देणारे प्रथिन) असतो व त्यामुळे त्या आपल्या कोनाड्यात परततात. हाच ग्राही अष्ठीला कर्करोगाच्या कोशिकांवरही असतो, हे २००२ मध्ये दाखविण्यात आले. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, या कर्करोग कोशिका रक्ताच्या स्तंभ कोशिकांशी स्पर्धा करून त्यांचेच कोनाडे बळकावतात. आणि स्तंभ कोशिकांना मज्जेतून रक्तात आणणाऱ्या औषधाने कर्करोग कोशिकाही बाहेर पडतात. म्हणजे शरीराने स्वतःच्या कोशिकांना घरी परतण्यासाठी ठेवलेली खूण परक्या कोशिकेलाही उपयोगी पडते.

कोनाड्यात पोहोचलेली कोशिका लगेच वाढू लागते, असे नाही. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकताना प्रक्षेपांचे कोणतेही चिन्ह नसलेल्या अनेक रुग्णांच्या अस्थिमज्जेत कर्करोग कोशिका एकएकट्या आढळतात. त्यांतील पुष्कळ रुग्णांना पुढे काहीही त्रास होत नाही. काहींत मात्र दहा किंवा अधिक वर्षांनी हाडांत रोग प्रकट होतो. मधल्या काळात या कोशिका सुप्त असतात. स्तंभ कोशिकांना विश्रांत ठेवणारे कोनाड्यातील संदेशच त्यांनाही विश्रांत ठेवतात, असे प्रयोगांवरून दिसते. कोशिका विभागत नसल्यामुळे विभाजनावर आघात करणारी औषधे त्यांवर फारशी चालत नाहीत. हाडाची पुनर्रचना वाढल्याने कोनाड्यातील समतोल ढळला की, त्या जागृत होत असाव्यात.

हाडाशी परस्परक्रिया : जागृत झालेल्या कर्करोग कोशिका हाड घडविण्याचे व मोडण्याचे काम स्वतः करीत नाहीत, त्या हाडाच्या कोशिकांकडून ते करवून घेतात. ही परस्परक्रिया पुढील अंगांनी समजून घेता येते.

(१) अस्थिनिर्मितीस चालना : कर्करोग कोशिकांच्या स्रावांत अस्थिजनक कोशिकांना उत्तेजित करणारे अनेक पदार्थ असतात. अस्थिरूपजनक प्रथिने (ज्यांच्या क्रियेचा शोध मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये लावला), विंट कुळातील प्रथिने आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एंडोथेलिन-१ ही त्यांपैकी महत्त्वाची होत. अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन किंवा पीएसए हे प्रथिनांचे विच्छेदन करणारे एंझाइम असून तेही या कार्यास हातभार लावते. परावटू हॉर्मोनाशी साम्य असलेल्या व हाडाची झीज वाढविणाऱ्या प्रथिनाचे ते तुकडे करते; तसेच इन्शुलिनसदृश वृद्धिघटकाला बांधून ठेवणारे प्रथिन तोडून त्या घटकाला मोकळे करते. प्रक्षेपातील नव्या हाडाचा काही भाग रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील कोशिकांचे अस्थिजनक कोशिकांत रूपांतर होऊन तयार होतो, असेही २०१७ मधील संशोधनात दिसून आले.

(२) झीज व तिचे दुष्टचक्र : नवे हाड घडत असतानाच जुने हाड अधिक वेगाने विरघळत असते. रुग्णांच्या मूत्रात कोलॅजनाच्या विघटनाने उत्पन्न होणारे पदार्थ वाढलेले आढळतात आणि ज्यांच्यात ते अधिक असतात, त्यांना अस्थिभंग इ. उपद्रव होण्याचा संभव अधिक असतो. उत्तेजित अस्थिजनक कोशिका रँक-एल अधिक निर्माण करतात. त्यामुळे अस्थिभंजक कोशिका वाढतात. त्यांनी विरघळविलेल्या हाडातून वृद्धिघटक मुक्त होतात; त्यांवर कर्करोग पोसतो आणि वाढलेला कर्करोग अस्थिजनक कोशिकांना पुन्हा उत्तेजित करतो. याला दुष्टचक्र म्हणतात. मुक्त झालेला रूपांतरकारी वृद्धिघटक-बीटा प्रतिरक्षा कोशिकांनाही दुर्बल करतो. प्रतिरक्षा यंत्रणेला चालना देणारी औषधे अस्थिप्रक्षेपांवर फारशी प्रभावी का होत नाहीत, याचे हे एक कारण असावे.

(३) अस्थि-अनुकरण : हाडात दीर्घकाळ राहिलेल्या कर्करोग कोशिका हाडाच्या कोशिकांचेच काही गुण उचलतात. ऑस्टिओकॅल्सीन, अस्थि-सायालोप्रथिन यांसारखी अस्थिजनक कोशिकांची खास प्रथिने त्यांच्यात तयार होऊ लागतात. त्यामुळे त्या परक्या परिसरात अधिक सहजतेने टिकतात, असे मानले जाते.

या साऱ्याचा परिणाम म्हणून तयार होणारे हाड निरोगी हाडासारखे थरांचे नसते. भाराच्या दिशेने तंतूंची मांडणी करण्याचा नियम येथे पाळला जात नाही. तंतू कसेही गुंतलेले असतात. बाहेरून दाट, परंतु आतून विस्कळित अशा या हाडाला वजन पेलवत नाही. शिवाय ते मज्जेची जागा व्यापते.

लक्षणे व परिणाम : वेदना हे प्रमुख लक्षण होय. ती बहुधा कंबर, पाठ, नितंब किंवा मांडी येथे असते, हळूहळू वाढते, विश्रांतीने कमी होत नाही व रात्री झोपमोड करते. उतारवयात पाठ दुखणे सामान्य असल्यामुळे ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. भारतात अनेक रुग्ण प्रथम तपासणीस येतात, तेव्हाच रोग हाडांत पोहोचलेला असतो. पोखरणाऱ्या प्रक्षेपांच्या मानाने येथे अस्थिभंग कमी होतात; तरी मणके खचणे व मांडीचे हाड मोडणे हे प्रकार घडतात. मज्जेची जागा व्यापली गेल्याने पांडुरोग (रक्तक्षय) होतो. पोखरणाऱ्या प्रक्षेपांत रक्तातील कॅल्शियम पुष्कळदा वाढते, तर येथे नवे हाड कॅल्शियम ओढून घेत असल्यामुळे ते कमी होण्याचा संभव असतो.

मेरुरज्जूवर दाब येणे हा सर्वांत गंभीर उपद्रव होय. मणक्यातील वाढ किंवा खचलेला मणका मेरुरज्जूला दाबतो. पाय जड व दुर्बल होतात, संवेदना मंदावते व मल-मूत्र विसर्जनावरील ताबा जातो. या रुग्णांत लघवी तुंबणे हे मूळ ग्रंथीच्या वाढीनेही होत असल्यामुळे तिचे खरे कारण नजरेआड होऊ शकते. म्हणून पाठदुखी, पायांतील दुर्बलता व लघवी तुंबणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास त्याच दिवशी संपूर्ण मेरुदंडाचे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण करणे आवश्यक असते. स्टेरॉइडे तत्काळ सुरू करून शस्त्रक्रिया किंवा प्रारण चिकित्सा (किरणांचा उपचार) करतात. उपचारापूर्वी रुग्ण चालत असेल, तर नंतरही चालत राहण्याची शक्यता मोठी असते. पाय पूर्णपणे लुळे पडल्यावर ते पूर्ववत होणे दुर्मिळ असते.

निदान : रक्तातील पीएसएचे मापन, क्ष-किरण चित्रण व किरणोत्सर्गी समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या भिन्न अणुभाराच्या प्रकारांचा) उपयोग करून केलेले अस्थिचित्रण ही निदानाची साधने होत. अस्थिचित्रणात टेक्नेशियम-९९एम हा सहा तास अर्धायुकाल असलेला समस्थानिक फॉस्फेटासारख्या संयुगाला जोडून टोचतात. जेथे नवे हाड घडत असते, तेथे तो साठतो. म्हणजे या चित्रात कर्करोग दिसत नाही. कर्करोगाला हाडाने दिलेला प्रतिसाद दिसतो. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. परिणामकारक उपचार सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाड भरून येऊ लागते व त्यामुळे अस्थिचित्र पूर्वीपेक्षा वाईट दिसू शकते. हे न ओळखल्यास गुणकारी उपचार निरुपयोगी म्हणून बंद केला जाण्याचा संभव असतो. उलटपक्षी, संधिवात, जुना अस्थिभंग आणि हाडाचा पॅजेट रोग यांतही असा साठा दिसतो. (हा रोग स्टीव्हन पॅजेट यांचे वडील सर जेम्स पॅजेट यांनी १८७७ मध्ये वर्णिला होता.) अलीकडे कर्करोग कोशिकांच्या पृष्ठावरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणाऱ्या, गॅलियम-६८ सारख्या समस्थानिकाने युक्त रेणूंच्या साहाय्याने पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रण करतात. त्यात प्रत्यक्ष कर्करोग कोशिकांचा ठाव लागत असल्यामुळे लहान प्रक्षेपही ओळखता येतात.

उपचार : पौरुषजनाचा पुरवठा तोडणे हा उपचाराचा पाया अद्याप कायम आहे. वृषणे शस्त्रक्रियेने काढणे ही एकदाच करावी लागणारी व कमी खर्चाची पद्धत भारतात आजही वापरली जाते. दुसरी पद्धत म्हणजे पोष ग्रंथीमार्फत वृषणांचे कार्य थांबविणारी अंतःक्षेपणे (इंजेक्शने) देणे. यांतील काही औषधांनी पहिल्या एकदोन आठवड्यांत पौरुषजन उलट वाढते. मणक्यांत प्रक्षेप असल्यास त्या काळात मेरुरज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. म्हणून पौरुषजनरोधी औषध अगोदर सुरू करतात. पौरुषजन अत्यल्प असतानाही वाढू शकणाऱ्या कोशिका कालांतराने बळावतात. त्यांवर अबिराटेरोन (२०११) व एन्झाल्युटामाइड (२०१२) यांसारखी औषधे उपलब्ध झाली असून ती आता रोगाच्या आरंभापासूनही देतात. प्रक्षेप संख्येने थोडे असतील, तर मूळ ग्रंथीवर प्रारण चिकित्सा केल्याने आयुष्य वाढते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. दुखऱ्या हाडावर ८ ग्रे इतक्या प्रारणाची एकच मात्रा दिली, तरी बहुसंख्य रुग्णांची वेदना कमी होते.

हाडाची झीज रोखण्यासाठी झोलेड्रॉनिक अम्ल किंवा रँक-एलला अडविणारे डेनोसुमॅब हे प्रतिपिंड वापरतात. झोलेड्रॉनिक अम्लाच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अस्थिभंग व तत्सम उपद्रव औषध घेणाऱ्या ३३% व न घेणाऱ्या ४४% रुग्णांत झाले. डेनोसुमॅबने हे उपद्रव आणखी लांबणीवर पडतात (२०११). दोहोंपैकी एकानेही आयुर्मर्यादा वाढलेली नाही. रक्तातील कॅल्शियम उतरणे व जबड्याच्या हाडाचा मृत्यू हे त्यांचे दुष्परिणाम असल्यामुळे उपचारापूर्वी दातांची तपासणी करून घेणे, तसेच कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देणे आवश्यक असते.

परस्परक्रियेतील एखादा संदेश तोडून रोग थांबेल, ही अपेक्षा मात्र सफल झाली नाही. एंडोथेलिनाचा ग्राही अडविणाऱ्या झिबोटेंटन व अ‍ॅट्रासेंटन या औषधांनी मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढले नाही (२०१२, २०१३). कर्करोग व हाड यांच्यात संदेशांच्या अनेक वाटा असल्यामुळे एक वाट बंद केली, तरी इतर चालू राहतात. याउलट नव्या हाडाच्या निर्मितीचाच उपयोग करून घेणारा उपचार यशस्वी ठरला. रेडियम हे मूलद्रव्य आवर्त सारणीत कॅल्शियमाच्याच गटात असल्यामुळे हाड त्याला कॅल्शियमाप्रमाणे सामावून घेते. रेडियम-२२३ हा ११.४ दिवस अर्धायुकाल असलेला समस्थानिक टोचला असता तो प्रक्षेपाभोवती घडणाऱ्या नव्या हाडात बसतो. त्याच्या आल्फा कणांचा पल्ला एक-दशांश मिमी. पेक्षाही कमी असल्यामुळे लगतच्या कर्करोग कोशिकांवर त्यांचा मारा होतो व दूरच्या मज्जेची हानी कमी होते. ९२१ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडियम घेतलेल्यांचा मध्यम जीवनकाल १४.९ महिने व इतरांचा ११.३ महिने आढळला. तथापि रेडियम व अबिराटेरोन एकत्र दिले असता अस्थिभंगांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे एका नंतरच्या चाचणीत दिसले (२०१९). हाडाला आधार देणारी औषधे दिलेली असल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूवर ल्युटेशियम-१७७ हा समस्थानिक बसवून कर्करोग कोशिकांवरच मारा करण्याची पद्धतही २०२२ पासून प्रचारात आली आहे.

पौरुषजन तोडण्याच्या उपचाराने निरोगी हाडेही विरळ होतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या सांगाड्यात कोठे निकामी हाडाची भर पडत असते, तर कोठे चांगले हाड झिजत असते. म्हणून हाडांच्या घनतेचे मापन, झेपेल इतका व्यायाम, पडण्यापासून बचाव आणि नवी वेदना उद्‌भवल्यास विनाविलंब तपासणी यांना औषधांइतकेच महत्त्व आहे. सुप्त कोशिका कोणत्या रुग्णात जागृत होतील हे आधी ओळखणे व त्यांना सुप्तावस्थेतच ठेवणे या दिशेने सध्या संशोधन चालू आहे. [⟶ कर्करोग].